बाईंनी माझी वही लाल का केली नाही

या वेळच्या भित्तिपत्रकासाठी बाई म्हणाल्या की एखादी गोष्ट कशी असते ते समजावून सांगणारा लेख लिहा. कोणी ठिबक सिंचनावर लिहिले, कोणी मधमाशीवर लिहिले. मी ठरवले की आपण वहीत घरची बोली लिहितो तेव्हा शिक्षकांनी काय करावे यावर लिहायचे. शिक्षकांना शिकवणारा मी कोण, असे तुम्ही म्हणाल. पण वही माझी होती, म्हणून मला माहीत आहे.

आमच्या घरी अहिराणी बोलतात. धुळे, जळगाव, नंदुरबार या जिल्ह्यांत आणि नाशिक जिल्ह्यातल्या मालेगाव, बागलाण, कळवण या भागांत ही बोली आहे. २०११ सालच्या जनगणनेत १६ लाखांहून जास्त लोकांनी आपली मातृभाषा अहिराणी म्हणून सांगितली. म्हणजे आम्ही काही थोडे नाही.

तिचे काही नियम सांगतो. पुस्तकात 'चा, ची, चे' असते तिथे आम्ही 'ना, नी, नं' म्हणतो. 'रामचा बैल' म्हणजे 'रामना बैल'. 'घरात' म्हणजे 'घरमा'. 'मला' म्हणजे 'मले'. 'आहे' म्हणजे 'शे'. आणि ळ चा य होतो, म्हणून काळा तो काया, डोळा तो डोया, आणि जळगाव ते जयगाव. गुजरातीतही 'घरात'ला 'घरमां' म्हणतात. आमच्याकडून गुजरात जवळ आहे ना. नंदुरबार जिल्ह्यातले नवापूरचे रेल्वे स्टेशन तर अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. ग्रिअर्सन नावाच्या एका साहेबाने भारतातल्या सगळ्या भाषांची पाहणी केली होती. १९०७ साली छापलेल्या भागात त्याने खानदेशीला मराठीत न घालता वेगळी जागा दिली. हे बाईंनी सांगितले. ते ऐकून आमचा वर्ग एकदम ताठ बसला.

आता माझी गोष्ट. दुसरीत मी मामांच्या गावी शिकत होतो. गावाचे नाव सांगत नाही. तिथल्या सरांनी 'माझी आई' हा निबंध लिहायला दिला. मी लिहिले,

'मन्ही माय सकाये उठस. वावरमा जास. कपाशी येचस. तिन्हा हातले काटा लागतस. तरी ती मले शायामा धाडस.'

वावर म्हणजे शेत. बाकीचे तुम्हांला समजेलच. सरांनी लाल पेनाने जवळजवळ प्रत्येक शब्दाला गोल केला. मग उभे राहून मोठ्याने वाचून दाखवले. सगळा वर्ग हसला. मजा अशी की हसणारी सगळी पोरं घरी तसंच बोलतात! त्यांची माय पण वावरमाच जाते. पण त्या वेळी ते कोणाच्या लक्षात आले नाही, माझ्याही नाही. मला इतकेच वाटले की मी काहीतरी घाण लिहिले आहे.

पुढच्या वेळी मी हुशार झालो. मामेभावाकडे निबंधाचे पुस्तक होते, त्यातून उतरवून काढले. 'माझी आई फार प्रेमळ आहे. ती पहाटे उठून सडा घालते व देवपूजा करते. संध्याकाळी ती मला गोष्टी सांगते.' मला दहापैकी नऊ गुण मिळाले. पण त्यातले प्रेमळ सोडून एकही वाक्य खरे नव्हते. आमची माय संध्याकाळी वावरातून येते आणि चूल पेटवते, गोष्टी सांगायला तिला कुठे वेळ? म्हणजे खरे लिहिले तेव्हा गोल मिळाले आणि खोटे लिहिले तेव्हा गुण मिळाले. यावर कोणी काही बोलले नाही. त्यानंतर वर्षभर मी जे जे लिहिले ते सगळे पुस्तकातून उतरवलेलेच होते.

तिसरीत मी आमच्या गावी आलो, पांझरेच्या काठी. इथल्या बाई साताऱ्याकडच्या. त्या नव्यानेच बदली होऊन आल्या होत्या आणि त्यांना अहिराणीतले काहीच कळत नव्हते. त्यामुळे पहिले काही दिवस फार गंमत झाली. एका पोराने वाटेत विचारले, 'बाई, कथा चालन्यात?' म्हणजे कुठे चाललात. बाईंना वाटले हा गोष्ट विचारतो आहे. त्या म्हणाल्या, 'कथा उद्या सांगेन हं.' दुसऱ्या दिवशी एक मुलगी पाणी प्यायला जाताना म्हणाली, 'बाई, आते येस.' बाईंनी विचारले, 'कोणाची आते येणार आहे?' आमच्यात आते म्हणजे आता. आम्ही खूप हसलो. बाईपण हसल्या. मग त्यांनी एक कोरी वही काढली आणि म्हणाल्या, 'मला तुमची बोली येत नाही, तुम्हांला पुस्तकाची नीट येत नाही. आपण अदलाबदल करू.'

बाईंची पद्धत आता सांगतो, कारण लेख त्याच्यावरच आहे.

पहिली गोष्ट अशी की त्या निबंध हातात आला की आधी शब्द पाहत नाहीत. आधी विचारतात, 'हे खरं का?' माझा 'माझी आई' निबंध त्यांनी वाचला, तोच उतरवलेला. त्यांनी मला जवळ बोलावले आणि हळूच विचारले, 'तुमच्या घरी सडा आई घालते का?' मी म्हणालो, 'नाही, ताई घालते.' 'आणि आई काय करते?' मी गप्पच. त्या म्हणाल्या, 'जसं घरी सांगशील तसं सांग.' मग मी अहिराणीत सांगितले. त्या ऐकत होत्या, कळले नाही तिथे थांबवून विचारत होत्या. कपाशीच्या बोंडाचे काटे बोटांना कसे लागतात ते मी हाताने करून दाखवले. बाई म्हणाल्या, 'हेच लिही. शब्दांचं नंतर बघू.'

मी पानभर लिहिले. पेन थांबलाच नाही.

दुसऱ्या दिवशी वही परत आली. मी भीत भीत उघडली. लाल रंग कुठेच नव्हता. माझ्या ओळी होत्या तशाच होत्या आणि समासात शिसपेन्सिलीने पुस्तकातले शब्द लिहिले होते. सकाये समोर सकाळी. वावरमा समोर शेतात. येचस समोर वेचते. खाली लिहिले होते, 'काट्यांचे वाक्य मला फार आवडले. आता हाच निबंध समासातले शब्द घेऊन पुन्हा एकदा लिही.' मी दोन्ही जपून ठेवले आहेत. दुसरा निबंध पुस्तकी मराठीत आहे पण तो खरा आहे. निबंधाच्या पुस्तकातून तो उतरवता आला नसता.

मी विचारले, 'बाई, तुम्ही लाल का नाही केलं?' त्या म्हणाल्या, 'लाल चुकीला असतं. हे चुकीचं नाही, हे दुसऱ्या ठिकाणचं आहे.' चुकीला मात्र त्या सोडत नाहीत हं. मी 'वीस' ऐवजी 'विस' लिहिले तर लगेच लाल! पूर्णविराम नसला तरी लाल. म्हणजे बाई ढिल्या आहेत असे कोणी समजू नये.

आमच्या वर्गात त्या दिवसापासून शब्दांची वही आहे, ती खिडकीला दोरीने बांधलेली असते. डाव्या बाजूला घरचा शब्द, उजव्या बाजूला पुस्तकातला. ज्याला नवा सापडेल त्याने लिहायचा. आंडोर म्हणजे मुलगा, आंडेर म्हणजे मुलगी, कितला म्हणजे किती, बठ्ठा म्हणजे सगळा. लिहिताना भांडणेही झाली. 'माझी' याला कोणी 'मन्ही' लिहितो, कोणी 'मनी' लिहितो. मी म्हटले, 'मनी माय' लिहिले तर मांजर वाटेल! बाई म्हणाल्या की जसे ऐकू येते तसे लिहा, पण एका निबंधात एकच ठेवा.

काही शब्दांना उजवीकडे काहीच सापडले नाही. 'आखाजी' घ्या. कोणी म्हणाले अक्षय्य तृतीया लिहा. पण आखाजीला सासरी गेलेल्या ताई, आत्या घरी येतात, लिंबाच्या झाडाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात, घागर भरतात. अक्षय्य तृतीया म्हटले की यातले काहीच डोळ्यापुढे येत नाही, कॅलेंडरच येते. शेवटी बाईंनी उजवीकडेही आखाजीच लिहिले.

गणितातही याचा उपयोग होतो, ते मला आधी माहीत नव्हते. फळ्यावर गणित होते, 'एका टोपलीत ४८ केळी होती, त्यांतील १९ विकली, शिल्लक किती?' माझ्या शेजारी बसणारा दोस्त एकटक फळ्याकडे बघत होता. बाजारात तो बापाबरोबर भाजी विकतो, हिशोबात त्याला कोणी फसवू शकत नाही. पण इथे पेन हलेना. मागून एक जण हळूच बोलला, 'अरे, बाकी कितलं राह्यनं?' त्याबरोबर हा म्हणाला, '२९!' त्याला वजाबाकी येत होती, 'शिल्लक' येत नव्हते. बाईंनी त्याला रागावले नाही, मागच्याला बोलल्याबद्दल पण रागावले नाही. 'शिल्लक' हा शब्द वहीत लिहायला लावला. आता त्याला तो कुठेही आला तरी अडत नाही.

आता दुसऱ्या जातीचे शब्द. ते घरचे नसतात, मोठ्या पोरांकडून आणि मोबाईलमधून येतात. आमच्या एका मित्राने इतिहासाच्या उत्तरात लिहिले, 'शिवाजी महाराजांनी १६६६ साली आग्र्याहून कल्टी मारली.' बाई वाचताना स्वतःच हसल्या, पण पेन्सिलीने सोडून दिले नाही. त्यांनी फळ्यावर मोठे 'कल्टी' लिहिले आणि विचारले, 'याच्याऐवजी काय काय म्हणता येईल?' आम्ही सांगत गेलो. निसटले. पसार झाले. सुटका करून घेतली. गुंगारा दिला. हातावर तुरी देऊन गेले. मग बाई म्हणाल्या, 'शाळा बुडवून पळणाराही कल्टी मारतो आणि बादशहाच्या पहाऱ्यातून महाराज गेले तीही कल्टी? दोन्ही सारखंच का?' तो मित्र लाजला. पण त्याचे उत्तर आता वर्गात सगळ्यांत चांगले आहे, त्यात आजारपणाचे सोंग आहे, मिठाईचे पेटारे आहेत आणि शेवटी 'बादशहाच्या हातावर तुरी दिल्या' असे आहे. मैदानावर मात्र तो कल्टीच म्हणतो. तिथे बाई कान देत नाहीत.

'खतरनाक' या शब्दाचेही असेच झाले. आम्हांला सिनेमा खतरनाक, आंबा खतरनाक, पाऊसही खतरनाक. बाई म्हणतात, 'आंब्याने काय चावा घेतला?'

शिव्या लिहिल्या तर काय करतात, असे कोणी विचारील. एकदाच असे झाले. बाईंनी त्या पोराला वर्गाबाहेर नेऊन काहीतरी सांगितले. काय ते त्याने आम्हांला सांगितले नाही आणि बाईंनीही नाही.

कुठे कोणती भाषा चालते, हे शिकवायला बाईंनी आम्हांला दोन पत्रे लिहायला लावली. एक ग्रामपंचायतीला, शाळेजवळचा नळ गळतो म्हणून. दुसरे आपापल्या आजीला. पहिले पुस्तकी मराठीत, 'मा. सरपंच यांस' पासून 'आपले नम्र' पर्यंत. दुसरे घरच्या बोलीत. मग म्हणाल्या, 'आता अदलाबदल करून वाचा.' आजीला 'आपली नम्र' म्हटले की ती विचारेल, पोराला ताप आला का. आणि सरपंचांना आजीसारखे लिहिले तर ते हसतील आणि नळ तसाच राहील. नळ दोन आठवड्यांनी दुरुस्त झाला. आजीने माझे पत्र दोनदा वाचून घेतले.

आता मला एक गोष्ट सांगायची आहे ती चांगली नाही. आमच्या वर्गात एक मुलगी आहे, तिचे आईवडील सातपुड्याकडून आले आहेत आणि गावात सालदार आहेत. सालदार म्हणजे वर्षभरासाठी शेतावर ठेवलेला माणूस. ते पावरा लोक आहेत, त्यांच्या घरी पावरी बोलतात. तिला आमची अहिराणीपण नवी आणि पुस्तकातली मराठीपण नवी. ती पहिल्यांदा वाचायला उभी राहिली तेव्हा सगळे हसले, आणि मीही हसलो. मामांच्या गावचे मला त्या वेळी आठवले नाही. रात्री आठवले. बाईंनी आम्हांला शिक्षा केली नाही, शब्दांच्या वहीत तिसरी ओळ आखली आणि ती भरायचे काम तिला दिले. आता ती सांगते आणि आम्ही विचारून विचारून म्हणतो. मला अजून थोडेच येतात. ते इथे लिहीत नाही, कारण मी लिहिले तर चुकतील, तुम्ही तिच्याकडूनच ऐका.

हे सगळे सगळ्यांना पटले असे नाही. पालकसभेत आमचे आप्पाच उठले. म्हणाले, 'बाई, अहिराणी आमच्या घरी फुकट मिळते. पोराला शाळेत धाडतो ते मराठी शिकायला. पाचवीत बाहेरगावी गेला तर लोक हसतील त्याला.' मला तेव्हा जमिनीत जावेसे वाटले. पण आप्पांचे म्हणणे खोटे नाही. ते स्वतः तालुक्याला कामासाठी जातात तेव्हा लोक त्यांचे बोलणे ऐकून हसतात, म्हणून ते तिथे कमी बोलतात.

बाई म्हणाल्या, 'मी पण हसण्याखालून गेले आहे. मी कॉलेजात न्हाई, व्हय, लई म्हणायची, तर मुली मला तेच म्हणून चिडवायच्या.' मग त्यांनी सांगितले की शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला, त्यात शक्य असेल तिथवर मुलाच्या मातृभाषेतून शिकवावे असे लिहिले आहे, आणि २०२० च्या शैक्षणिक धोरणात निदान पाचवीपर्यंत तसे करावे असे आहे. आप्पा म्हणाले, 'कायद्याचं राहू द्या, पोराला येतं का ते दाखवा.' तेव्हा बाईंनी माझ्या दोन वह्या त्यांच्या हातात दिल्या, दुसरीची आणि तिसरीची. आप्पांनी दोन्ही वाचल्या. दुसरीच्या वहीतला सडा आणि देवपूजा वाचून म्हणाले, 'हे कोणाचं घर?' लोक हसले. नंतर ते खाली बसले. त्यांना पूर्ण पटले का ते मला अजून माहीत नाही.

आमची माय सभेला कधी येत नसे, आली तर दाराजवळ उभी राहायची. त्या दिवशी ती दारातूनच म्हणाली, 'बाई, मन्हा पोऱ्या आते घर बी लिखत बसस.' बाईंना ते भाषांतर न करता कळले.

बहिणाबाई चौधरी तुम्हांला माहीत आहेतच. त्या जळगावजवळच्या आसोद्याच्या, जन्म १८८० चा. त्यांना लिहितावाचता येत नव्हते. शेतात, जात्यावर त्या गाणी म्हणायच्या, आणि त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांनी ती जपली. १९५१ साली त्या गेल्या आणि १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघाले. त्यांची बोली आमच्या अहिराणीहून वेगळी, तिला लेवा गणबोली म्हणतात, पण ळ चा य त्यांच्याकडेही होतो. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ साली त्यांचे नाव दिले. मी बाईंना विचारले, 'त्यांची वही कोणी लाल केली असती तर?' बाई म्हणाल्या, 'त्यांना वहीच नव्हती.' मग थोड्या वेळाने म्हणाल्या, 'सोपानदेवांनी त्यांचे शब्द बदलले असते तर, असं विचार.' मी ते शब्दांच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवले आहे.

त्याच १९५२ साली, २१ फेब्रुवारीला, ढाक्यात आपली बंगाली भाषा मागणाऱ्या विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. म्हणून तो दिवस जगभर मातृभाषा दिन असतो. युनेस्कोने तसे १९९९ साली ठरवले. यंदा त्या दिवशी आमच्या वर्गाने आपापल्या घरच्या बोलीतले निबंध भिंतीवर लावले, आणि २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा दिनाला, तेच निबंध पुस्तकी मराठीत. शेजारी शेजारी. तुम्ही आत्ता उभे आहात त्याच्या डाव्या हाताला ते आहेत. माझा खालून दुसरा.

मायला वाचता येत नाही, म्हणून मी तिला इथे आणून तो वाचून दाखवला. तिने सगळा ऐकला. काट्यांचे वाक्य आले तेव्हा आपल्या बोटांकडे पाहिले. मग म्हणाली, 'सकाये नही रे, चार वाजता उठस मी.'

मी दोन्ही निबंधांत दुरुस्ती केली आहे. तिथे थोडे खोडलेले दिसेल.